दोन लांब, एक आखूड

टर्न हार्बर, मेन
११ फेब्रुवारी १९९७

आर्विला,

तुझ्या लेकीने तुला ओहायोला नेलं त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून तिथल्या हवेखेरीज तू मला काही कळवलेलं नाहीस. टोलेडोच्या हवेशी मला काय करायचंय? आता जरा कामाचं लिही, कारण मी कामाचं लिहितेय.

कलाघराचा यंदाचा कार्यक्रम ठरला. मार्चमध्ये शाळेच्या मुलांचं नाटक. त्यात अकरा मुलांना वादळ व्हायचंय आणि बुडणारं जहाज व्हायला एकही तयार नाही. एप्रिलमध्ये चर्चची गाणी, मेमध्ये नाच. पाच जुलैला आमची विनी आणि पियानोवाला हॉलिस, ‘एक पियानो, तीन हात’. विनीचा उजवा, हॉलिसचे दोन्ही. नाव तिनेच ठेवलं. मी म्हटलं, अगं, लोकांना वाईट वाटेल. तर म्हणते, “वाटू दे की. चाळीस वर्षं सगळ्यांना बरं वाटावं म्हणून मीच का झटायचं?” माझी धाकटी बहीण आहे, पण तोंड माझ्यापेक्षा मोठं.

आणि एकवीस जूनपासून पंधरा जुलैपर्यंत प्रदर्शन. नाव ‘कात्रीवाल्या’. हॅचवेलच्या कारखान्यात हेरिंगची डोकी-शेपट्या कातरून डबे भरणाऱ्या आपण तेवीस जणी उरलोय. प्रत्येकीने एकेक गालिचा करायचा, आपल्या पद्धतीने, गोणपाटावर जुन्या लोकरीच्या चिंध्या आकड्याने ओढून. विषय एकच, तिने तिथे काय पाहिलं. ज्या दालनात बावीस वर्षं उभं राहून आपले पाय सुजले, त्याच, आता कलाघर झालेल्या दालनात ते टांगायचे. ब्यूलाने चिकटपट्टी गुंडाळलेली स्वतःची दहा बोटं केलीत. थेल्माने समुद्रपक्षी केलेत, ते बदकांसारखे दिसतात. तिला सांगू नकोस.

तुझ्याकडून मला सहा ऑगस्ट सत्तावन्न हवाय. विनीचा हात यंत्राच्या पट्ट्यात गेला तो दिवस. मी आठ दिवसांच्या रॉजरला घेऊन घरी पडले होते. तिच्या शेजारी तू होतीस. विनीला स्वतःला फक्त छत आठवतं. तुझा गालिचा मी मधोमध लावणार आहे, नाताळात तारा टांगतो त्या उंच खिळ्यावर. शिडी लागेल, पण आत पाऊल टाकलं की आधी तोच दिसेल.

नाही म्हणायचं नाही.

आयडेला


टोलेडो
२७ फेब्रुवारी

आयडेला,

कामाचं लिहिते. मी गालिचा सुरू केलाय. कोंबडी आहे. छान तांबडी, पिवळ्या पायांची. नातवंडांना आवडली.

सत्तावन्नचं मला आता फारसं आठवत नाही गं. वय झालं. शिवाय इथे चांगली लोकर मिळत नाही. एव्हरेटचा बोटीवरचा काळा कोट आहे पेटीत, पण नवऱ्याच्या कोटाला कात्री लावायचा धीर होत नाही.

इथे आठवडाभर पाऊस आहे. रागावू नकोस, पण हवेबद्दल लिहिलं की पान भरतं.

आर्विला


टर्न हार्बर
१४ मार्च

आर्विला बील,

कोंबडी!

बावीस वर्षांत त्या कारखान्यात मी एकही कोंबडी पाहिली नाही. मुकादम लाइल सोडला तर तशी चाल कुणाचीच नव्हती.

आणि तुला आठवत नाही म्हणे! थेल्माच्या लग्नात केकला किती थर होते हे तू परवापरवापर्यंत सांगत होतीस. तोच दिवस आठव. पाद्रीबाबा ‘आमेन’वर यायच्या आत भोंगा झाला. दोन लांब, एक आखूड. हॅचवेलची हाक. बोटी आल्या, मासा थांबत नाही. अख्खं चर्च रिकामं झालं आणि त्यात नवरीही होती. डोक्याला झालर, त्यावर केसांची जाळी, आणि बाई टेबलाशी उभी राहून मासे कातरतेय. नवरा बिचारा केक राखत बसला. हे तुला आठवतं आणि विनीचा दिवस आठवत नाही?

हे बघ, कार्यक्रमाची पत्रिका छापून झाली. पोस्टात, किराणा दुकानात, पार्लरमध्ये लागलीसुद्धा. तुझ्या नावापुढे ‘६ ऑगस्ट १९५७’ असं आहे. आपल्याकडची रीत तू विसरली नसशील. पत्रिकेत छापलं ते होणार. एकोणनव्वदच्या हिमवादळात हॉलिस दोन माणसांसमोर पूर्ण दोन तास वाजवत बसला होता, आणि त्यातली एक त्याची आई.

प्रेस्टन हॅचवेल आला होता. म्हाताऱ्या मालकाचा नातू आता कलाघराच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. इमारत त्याच्या घराण्याने दिली, त्यामुळे झाडूसुद्धा त्याला विचारून विकत घ्यावा लागतो. पत्रिका उचलली, गोड हसला आणि विचारतो, “हा सहा ऑगस्ट कुठला?” मी म्हटलं, “तुझ्या आजोबांच्या कपाटात शोध.” हसू गेलं.

एव्हरेट गेला, कोट राहिला. काप तो.

आयडेला


टोलेडो
२ एप्रिल

आयडेला,

माझं नाव काढून टाक. पत्रिकेवर कागद चिकटव किंवा काट मार, काय करायचं ते कर. मला हे जमणार नाही. पुन्हा विचारू नकोस.

आर्विला


टर्न हार्बर
९ एप्रिल

आर्विला,

त्याने तुला फोन केला ना? केलाच असणार! तो प्रेस्टन घराघरांतून फिरतोय. कुणाचा मुलगा त्याच्या बोटीच्या कारखान्यात आहे, कुणाचा जावई त्याच्या धक्क्यावर. आवाज न चढवता बोलतो, काळजी असल्यासारखा. चौदा जणींनी गालिचे परत नेले. थेल्माने तर मला खिडकीतून पाहून पडदा ओढला. मी पायरीवर उभं राहून ओरडले, “तुझी बदकं मला तशीही नको होती!” आता वाईट वाटतंय.

परवा मंडळाची सभा झाली. प्रदर्शन रद्द, चार विरुद्ध एक. एक म्हणजे मी. कारण दिलंय की ‘देणगीदार घराण्याच्या प्रतिष्ठेला बाधा’. त्याऐवजी प्रेस्टनच्या बायकोने रंगवलेले दीपस्तंभ लावायचे. सतरा दीपस्तंभ, आर्विला! आपल्या किनाऱ्यावर एकच आहे, तोही वर्षाचे सहा महिने धुक्यात.

मी सरळ सांगितलं, पत्रिकेत छापलंय, ते होणार. मला अध्यक्षांनी विचारलं, “पण गालिचे कुठे आहेत, मिसेस स्प्राउल?” तेव्हा मला तुझी आठवण आली. तू कधी कुणाला घाबरली नाहीस. लाइलच्या तोंडावर माशाचं डोकं भिरकावणारी तू. तुझा एक गालिचा आला तर बाकीच्या येतील. त्या तेवढ्याचीच वाट बघतायत.

तुझ्याच भरवशावर,
आयडेला


टोलेडो
२१ एप्रिल

आयडेला,

मला कुणाचा फोन आला नाही. प्रेस्टनला माझं नावसुद्धा ठाऊक नसेल. त्याच्या आजोबांना होतं.

हे मी तीनदा लिहून फाडलंय. आता न थांबता लिहिते.

त्या दिवशी विनीच्या अंगरख्याची बाही पट्ट्याच्या रुळात अडकली. पट्टा थांबवायची दोरी आपल्या डोक्यावर लोंबायची, आठवतं? आठवडाभर आधी लाइलने ती गुंडाळून वर खिळ्याला बांधली होती. बायका उगाच दोरी ओढतात, पट्टा थांबतो, मासा नासतो, असं त्याचं म्हणणं. तू बाळंतपणाला गेलेलीस, तुला माहीत नाही. तू नाताळात तारा टांगतेस तो खिळा हाच.

मी ओळीत सगळ्यांत उंच. मी उडी मारली. दोनदा. दुसऱ्यांदा बोटांची टोकं दोरीला लागली. मग शेजारच्या टेबलाचा गडी धावत जाऊन यंत्र बंद करून आला, तोवर तिच्या डाव्या हाताची चार बोटं गेली होती.

तिसऱ्या दिवशी मला कचेरीत बोलावलं. कागद तयार होता. ‘दोरी नेहमीच्या जागी हाताशी होती. मुलगी गप्पा मारत होती आणि तिचं लक्ष नव्हतं. अपघात तिच्या निष्काळजीपणामुळे झाला.’ एव्हरेट तेव्हा कंपनीची बोट चालवायचा. म्हातारा हॅचवेल एवढंच म्हणाला, “एव्हरेटला ती बोट फार आवडते, नाही?” मी सही केली. लाइलने माझ्यासाठी पेनचं टोपण काढून दिलं, ते मला अजून दिसतं.

कागदाची नक्कल त्यांनी मला दिली. चाळीस वर्षं ती शिवणाच्या डब्यात आहे. त्यानंतर वीस वर्षं मी तुझ्यासमोर उभी राहून मासे कातरले, तुझ्या डब्यातलं खाल्लं, विनीच्या वाढदिवसाला केक केले. तू म्हणतेस मी कुणाला घाबरले नाही. माशाचं डोकं मी लाइलला मारलं ते सत्तावन्ननंतर मारलं. आधी नाही.

म्हणून कोंबडी.

आर्विला


टर्न हार्बर
३० मे

आर्विला,

तुझं पत्र येऊन पाच आठवडे झाले. उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. तुझा ख्रिसमसचा फोटो फळीवरून काढला. तुझी पिवळ्या लोकरीची खूण बांधलेली कात्री, जाताना मला दिलेली, समुद्रात टाकायला धक्क्यापर्यंत गेले होते. टाकली नाही, कारण कात्री चांगली आहे. एवढंच कारण.

विनीला सांगावं की नाही या विचारात मी नीट जेवत नव्हते. मंगळवारी ती बीन्स घेऊन आली आणि म्हणाली, “तुला झालंय काय? तोंड दुधासारखं नासलंय.” मी तुझं पत्र तिच्यापुढे टाकलं.

तिने वाचलं. सावकाश. एका हाताने घडी घातली, तिला छान जमते ती. आणि म्हणाली, “मला माहीत होतं.”

दवाखान्यातच तिला तो कागद वाचून दाखवला होता, साक्षीदाराच्या नावासकट. सतरा वर्षांची पोर, हाताला बँडेज, आणि एक कोटवाला माणूस पलंगाशी बसून तिला तुझं नाव वाचून दाखवतोय.

“मला का नाही सांगितलंस?”
“तू आर्विलाशी बोलणं टाकलं असतंस. मग त्या टेबलाशी उभी कुणासमोर राहिली असतीस? लाइलसमोर?”
“म्हणजे तू तिला माफ केलंस?”
“नाही,” विनी म्हणाली. “रोज सकाळी करायचे आणि दुपारी परत घ्यायचे. तीन पोरं होती तिला, हेही मला दिसायचं. दोरीचं मात्र मला आज कळलं. मला वाटायचं, खरंच माझंच लक्ष नसेल. चाळीस वर्षं वाटायचं.”

उठताना म्हणाली, “तिला लिही, कोंबडी नको.”

मी अजून रागावलेली आहे. हे विनीचं म्हणणं आहे, माझं नाही.

आयडेला


टोलेडो
१० जून

आयडेला,

आज पार्सल टाकलं. आठवड्यात मिळेल. पाय धरत नाही म्हणून मी येत नाही, आणि दुसरं कारण तुला ठाऊक आहे.

एव्हरेटचा कोट कापला. कोट कंपनीनेच दिलेला होता, तेव्हा त्याच्याच चिंध्या योग्य. तो कागद जसाच्या तसा गोणपाटावर उतरवलाय, कंपनीच्या नावापासून माझ्या सहीपर्यंत, सगळा काळ्या लोकरीत. माझी सही मोठी केलीय. दुरून वाचता यावी. खाली पिवळ्या लोकरीत एकच ओळ माझी आहे:

‘दोरी खिळ्याला बांधलेली होती. मी दोनदा उडी मारली.’

मुलगी म्हणाली, “आई, हे तू सगळ्यांना दाखवणार? लोक तुला काय म्हणतील?” मी म्हटलं, म्हणू देत, मी चाळीस वर्षं स्वतःला म्हणतेय, त्यांना निदान नवीन शब्द सुचतील.

रद्द झालेल्या प्रदर्शनाला गालिचा पाठवतेय हे मला समजतं. पण पत्रिकेत छापलंय ना?

आर्विला


टर्न हार्बर
२२ जून

आर्विला,

नीट बसून वाच. चहा घे आधी.

शुक्रवारी कलाघराला नवं कुलूप लागलं आणि पाटी, ‘दुरुस्तीसाठी बंद’. दुरुस्ती कसली, आत सतरा दीपस्तंभ टेकून ठेवलेत. शनिवारी साडेअकराला मी तुझा गालिचा खांद्यावर टाकून दारात गेले. बरोबर विनी, हॉलिस आणि ब्यूला. चौघं. एकोणनव्वदच्या वादळापेक्षा दोन जास्त.

तू गालिचा पाठवलास हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. घरोघरी जाऊन विनवण्या करणं मला जमत नाही, आणि थेल्माच्या पडद्यानंतर तर नाहीच. पण सकाळीच मर्ल डनबारकडे जाऊन आले होते. आगीच्या बंबाचा तोच मुख्य आहे, आणि कारखान्याचा भोंगा आता त्यांच्या छपरावर आहे. दर शनिवारी बाराला तो चालतो की नाही बघायला मर्ल एक लांब फुंकर देतो. मी म्हटलं, “मर्ल, तुझी आई आमच्या टेबलावर होती. आज जुनी हाक दे.” त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, “चालतो की नाही बघायचंच असतं. कसा चालतो, असं कुठे लिहिलंय?”

बाराला झाला. दोन लांब, एक आखूड. त्र्याऐंशी साली कारखाना बंद झाल्यापासून ही हाक कुणी ऐकली नव्हती.

आर्विला, त्या आल्या गं. ठरवून नाही आल्या. पाय आले. पार्लरमधून केसांत गुंडाळ्या घेऊन आली ती मॅव्हिस. लोरेटा ताट अर्धं टाकून, हनुवटीला माशाचं सूप. थेल्मा पिठाच्या हातांनी, एप्रन बांधलेलं, आणि हातात कात्री! कात्री घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि स्वतःच्या हाताकडे बघायला लागली, ही कुठून आली म्हणून. मग रडायला लागली. मग माझ्याकडे बघून ओरडली, “ती बदकं नाहीत!” आणि गालिचा आणायला घरी पळाली. तिच्या मागे बाकीच्या पळाल्या. पंचाहत्तरीच्या बायका पळताना तू पाहिल्या नसशील.

अर्ध्या तासात बावीस गालिचे बाहेरच्या भिंतीवर, धक्क्याच्या कठड्यावर, कपड्यांच्या चिमट्यांनी. तुझा मी दारावर लावला. बरोबर त्यांच्या पाटीवर.

बायकांनी वाचला. तुझी सही वाचली. ते सोपं नव्हतं, एवढंच सांगते. मग ब्यूला म्हणाली, “मलाही बोलावलं होतं कचेरीत. मी म्हटलं, मी पाहिलंच नाही. पाहिलं होतं.” दुसरी म्हणाली, मीसुद्धा. अशा पाच निघाल्या.

तेवढ्यात प्रेस्टन आला, गाडीचं दार उघडं टाकून. वाचला. मान लाल. म्हणाला, “हे आत्ता उतरवा. ही माझ्या घराण्याची बदनामी आहे.”

विनी पुढे झाली. “काळी अक्षरं तुझ्या आजोबांची, पिवळी आर्विलाची. यातली खोटी कुठली ते दाखव, तेवढी मी उसवते. बोट ठेव. माझ्याकडे बोटं कमी आहेत, तू ठेव.”

काळ्यावर बोट ठेवलं तर आजोबा खोटे. पिवळ्यावर ठेवलं तर पाच बायका तिथेच उभ्या, कात्र्या घेऊन. त्याने हात खिशात घातला. मग गाडीत बसला आणि गेला. दार लावायला विसरला, कोपऱ्यावर लावलं.

कुलूप अजून आहे. आम्ही गालिचे सकाळी टांगतो, संध्याकाळी घरी नेतो. पंधरा जुलैपर्यंत हेच. पत्रिकेत तसं आहे.

भोंगा वाजताना मी हॉलिसला धक्क्यावरच्या फोनवरून तुझा नंबर फिरवायला सांगितलं होतं, आणि रिसीव्हर बाहेर धरायला. पोचला का?

तुझा फोटो फळीवर परत ठेवलाय. अजून पालथा आहे.

आयडेला


टोलेडो
२६ जून

आयडेला,

पोचला.

मुलगी पाव कापत होती. फोन मी उचलला, पलीकडे वारा आणि मग तो आवाज. पहिल्या लांबला मी उभी राहिले. दुसऱ्याला दारापर्यंत गेले. आखूड वाजला तेव्हा माझा हात एप्रनच्या खिशात कात्री शोधत होता आणि मी एप्रन घातलेलंच नव्हतं. मुलगी म्हणाली, “आई, कुठे निघालीस?” मी म्हटलं, कामावर.

तिला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. मी तिकीट काढायला लावलं.

गुरुवारी तीन जुलैला बसने बँगरला उतरते. पाय धरत नाही, पण बावीस वर्षं उभं राहून तरी कुठे धरला होता? हॉलिसला न्यायला पाठव. विनीला पाठवू नकोस. नाही, पाठव. बसच्या खिडकीतून ती दिसली तर मी उतरेन की नाही ते मला तिथेच कळू दे. पाच तारखेच्या पियानोच्या कार्यक्रमाचं एक तिकीट माझ्यासाठी ठेव, पहिल्या रांगेत, तिच्या डाव्या बाजूला.

मी येईपर्यंत प्रेस्टनने दार उघडलं तर ठीक. नाही उघडलं तर मर्लकडे कुऱ्हाड आहे, आणि ती चालते की नाही हेही त्याला अधूनमधून बघावं लागत असेल.

माझा गालिचा दारावरून काढून ठेव. तो खिळ्यावर लावायचा आहे, आणि तो मी लावणार, दुसऱ्या कुणी नाही. शिडी आणून ठेवा. या वेळी मी उडी मारणार नाही.

आर्विला